गाव वाईट नव्हतं, मन उडालं : बदनापूर आणि पोलीस ॲक्शननंतरची स्थलांतरं

बदनापुरात चहाच्या हॉटेलात बसलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "इथं आता काही राहिलं नाही, औरंगाबादला एखादा प्लॉट बघायला पाहिजे." बोलणारा कधी बागवान असतो, कधी मराठा शेतकरी, कधी निवृत्त मास्तर. माझ्या ओळखीतली काही माणसं मी शाळेत होतो तेव्हापासून हे म्हणताहेत आणि आजही बदनापुरातच आहेत. उलट जी घरं खरोखर उठून गेली, त्यांतल्या बहुतेकांच्या तोंडून गावाबद्दल वाईट शब्द मी ऐकलेला नाही. ती एका सकाळी टेम्पो भरून गेली. नंतर चौकशी केली तर उत्तर मिळालं, "मुलांच्या शिक्षणासाठी."

म्हणजे वस्तीबद्दल माणसाला काय वाटतं आणि ती सोडावीशी वाटते की नाही, यांचं नातं आपण समजतो तितकं सरळ नसावं. मराठवाड्यातल्या मुसलमानांपुरतं बोलायचं तर ते नातं उलगडायला १९४८ सालापर्यंत मागं जावं लागतं.

आधी गावाविषयी. औरंगाबाद आणि जालना यांच्यामध्ये, दुधना नदीच्या काठच्या मुलखात हे तालुक्याचं ठिकाण आहे. निजामाच्या काळात मनमाड–सिकंदराबाद मीटरगेज रेल्वे आली आणि बदनापूरला स्टेशन मिळालं. शेतकऱ्यांना हे नाव माहीत आहे ते तुरीमुळं. इथल्या कृषी संशोधन केंद्रानं काढलेले बीडीएन ७११, बीएसएमआर ७३६ हे वाण राज्यभर पेरले जातात. मोसंबीचंही संशोधन केंद्र इथंच आहे. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ला. त्याआधी हा सगळा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता, आणि १९५६पर्यंत तो जिल्हा हैदराबाद राज्यात. पुढची गोष्ट समजायला हे लक्षात ठेवावं लागेल.

माणसं घर का बदलतात, यावर समाजशास्त्रात बरंच काम झालं आहे. पीटर रॉसी या अमेरिकन अभ्यासकाचं 'व्हाय फॅमिलीज मूव्ह' हे पुस्तक १९५५चं. त्यानं फिलाडेल्फिया शहरातल्या वेगवेगळ्या वस्त्यांमधली कुटुंबं अभ्यासली. त्याचा निष्कर्ष साधा होता. लग्न होतं, मुलं होतात, मुलं मोठी होतात, घर लहान पडू लागतं आणि कुटुंब हलतं. वस्ती चांगली की वाईट हा मुद्दा त्याच्या हिशोबात जागेच्या गरजेनंतर येतो. बदनापुरातून आज होणाऱ्या बऱ्याच स्थलांतराला हे लागू पडतं. दोन भाऊ, दोन सुना आणि एकच स्वयंपाकघर असलं की मोहल्ला कितीही आवडता असो, कुणीतरी एक चूल वेगळी मांडतोच.

पण रॉसीच्या कुटुंबांना एका गोष्टीची खात्री होती. आपण निघालो तर आपल्या मर्जीनं निघणार, आणि राहिलो तर रात्री दार ठोठावून कुणी उठवणार नाही. आमच्या भागातल्या लोकांकडं १९४७-४८ साली ही खात्री नव्हती. ना हिंदूंकडं, ना मुसलमानांकडं.

क्रम असा होता. १९४७ साली हैदराबादच्या निजामानं भारतात सामील व्हायला नकार दिला. लातूरचा वकील कासिम रझवी इत्तेहादुल मुसलमीनचा नेता झाला आणि त्याच्या रझाकारांनी खेड्यापाड्यांत दहशत बसवली. लूट झाली, खून झाले. विलीनीकरणाच्या बाजूनं लिहिणाऱ्या 'इमरोज'च्या शोएबुल्ला खान या तरुण संपादकाला ऑगस्ट १९४८मध्ये हैदराबादच्या रस्त्यावर मारण्यात आलं. तो मुसलमान होता, हे आपल्याकडच्या दोन्ही बाजूंच्या सोयीच्या इतिहासात फारसं बसत नाही. या काळात मराठवाड्यातली असंख्य हिंदू कुटुंबं घरदार सोडून सरहद्दीपलीकडं नगर, सोलापूर, बुलढाणा या भागांत गेली.

१३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौज हैदराबाद राज्यात शिरली. तीन दिवसांच्या आत औरंगाबाद आणि जालना ही शहरं तिच्या हाती होती. औरंगाबादहून जालन्याला जाणारी वाट बदनापूरवरूनच जाते. १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. शाळेत आपण शिकतो तो मुक्तिसंग्राम इथं संपतो. गेलेली हिंदू कुटुंबं गावी परतली, त्यांच्या घरांना पुन्हा कुलुपाऐवजी तोरणं लागली, आणि ते व्हायलाच हवं होतं.

त्याच दिवसांत दुसरं स्थलांतर सुरू झालं. रझाकारांचा सूड म्हणून, आणि पुष्कळ ठिकाणी निव्वळ लुटीसाठी, खेड्यांतल्या मुसलमान घरांवर हल्ले झाले. सोलापूर आणि बाहेरच्या इतर शहरांतून आलेल्या सशस्त्र टोळ्याही त्यांत होत्या. पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी हे तिघं नोव्हेंबर-डिसेंबर १९४८मध्ये राज्यातल्या सोळापैकी नऊ जिल्ह्यांत फिरले. सुंदरलाल म्हणजे 'भारत में अंग्रेजी राज' लिहिणारे गांधीवादी, आणि काझी साहेब म्हणजे 'लैला के खुतूत' लिहिणारे उर्दूतले नावाजलेले लेखक. त्यांनी मृतांचा अंदाज दिला तो एकूण २७ ते ४० हजारांचा. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत मिळून सुमारे १८ हजार, आणि औरंगाबाद, बीड, नलगोंडा, मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान पाच हजार. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात आपला जालना-बदनापूरचा पट्टाही आला. अनेक दशकं हा अहवाल दडवलेलाच राहिला. ए. जी. नूरानी यांच्या 'द डिस्ट्रक्शन ऑफ हैदराबाद' या पुस्तकामुळं तो सामान्य वाचकाच्या हाती आला.

आमच्याकडं या सगळ्याला एकच शब्द आहे : पोलीस ॲक्शन. वर्ष विचारलं तर म्हातारी माणसं "पोलीस ॲक्शन के साल" एवढंच सांगायची. त्याच्या आधी जन्मलेला आणि नंतर जन्मलेला, अशीच माणसांची वयं मोजली जायची.

एकाच वर्षात, एकाच खेड्यांतून झालेली ही दोन स्थलांतरं शेजारी शेजारी ठेवून पाहावीत असं मला नेहमी वाटतं. दोन्हींच्या मुळाशी जिवाची भीती होती. दोघांनीही गाव नावडतं म्हणून सोडलं नव्हतं. मग पहिले परत आले आणि दुसऱ्यांतले पुष्कळजण आले नाहीत, किंवा आले आणि पुन्हा गेले, असं का?

एक कारण उघड आहे. पहिल्यांना परतण्यासाठी आपलं वाटणारं राज्य मिळालं. दुसऱ्यांचं राज्य गेलं होतं. ऑगस्ट १९४९मध्ये जहागिरी बरखास्त झाल्या, उर्दू कारभारातून हटली, आणि निजामाच्या पोलिसांत, कचेरीत, जहागीरदाराच्या पदरी असलेल्यांची रोजी एका फटक्यात संपली. ज्यांच्याकडं शिक्षण आणि नातेवाईक होते ते हैदराबादला गेले, काही कराचीला. पण खेड्यातला मुसलमान काही नवाब नव्हता. तो मुलाणी होता, पिंजारी होता, मन्यार, तांबोळी, अत्तार, शिकलगार होता. घरात दखनी आणि बाजारात मराठी बोलणारा, पीक निघालं की वर्षाचं बलुतं मागायला खळ्यावर जाणारा. त्याचं पोट त्या गावावरच होतं. राज्य बदलल्यानं त्याचा धंदा संपत नव्हता. तरीही तो उठला.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गाव सोडून गेलेल्या हिंदू कुटुंबाच्या भीतीला नाव होतं. रझाकार. ती संघटना बहुतेक बाहेरून गावात येत होती, आणि एक दिवस ती संपली. गावात परतल्यावर शेजारचा मुलाणी तोच होता. पण मुसलमान कुटुंबाच्या भीतीला असं सोयीचं नाव नव्हतं. टोळीत बाहेरचे होते, तसे ओळखीचेही होते. लुटलेलं भांडं कुणाच्या घरात आहे हे ठाऊक असायचं. अशा वेळी गावाबद्दलचं मत बदलत नाही. विहीर गोडच असते, जमीन काळीच असते. बदलते ती गल्ली, कारण आता त्या गल्लीतून जाताना कोणत्या दारासमोर मान खाली घालायची हे माणसाला माहीत झालेलं असतं.

माझ्या दादीचं माहेर असंच सात घरांच्या वस्तीचं होतं. त्यांच्या गावात खून झाला नव्हता. पलीकडच्या गावाच्या बातमीनं रातोरात सगळे निघाले आणि काही आठवड्यांनी परत आले. शेजारच्या पाटलीणबाईंनी शेळ्या सांभाळून ठेवल्या होत्या, धान्याची कणगी जशीच्या तशी होती. दादी हे फार कौतुकानं सांगायची. पण पुढच्याच बाजारी गावातला एक जण तिच्या भावाचा कोट घालून फिरताना दिसला. सगळ्या गावानं तो कोट ओळखला आणि कुणीच काही बोललं नाही. एक पेरणी काढून ती घरं बदनापूरकडं सरकली. "गाव बुरा नै था बेटा, दिल उठ गया," एवढंच ती म्हणायची. मराठीत आपण म्हणतो, मन उडालं. हे मन उडणं कुठल्याही सर्वेक्षणाच्या रकान्यात कसं भरायचं? गावाबद्दल समाधानी आहात का असं कुणी विचारलं असतं तर दादीनं हो म्हटलं असतं.

सुंदरलाल समितीच्या अहवालात एक नोंद आहे. तिच्याकडं जायला हवं तेवढं आपलं लक्ष गेलेलं नाही. जिवावर उदार होऊन मुसलमानांना वाचवणाऱ्या हिंदूंचा उल्लेख करताना समिती सांगते की समव्यवसायी लोकांमध्ये ही भावना विशेष दिसली. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचं हिंदू जमावापासून रक्षण केलं आणि त्यात स्वतःचे जीवही गमावले. माग एकत्र, सावकार एक, बाजार एक. ज्याच्याबरोबर रोजचा धंदा आहे तो दारात उभा राहतो, हा अनुभव ज्या वस्तीला आला तिथली माणसं थांबण्याची शक्यता जास्त, असं मी यातून समजतो. धोका सगळीकडं होता. आपल्या बाजूनं कुणी तोंड उघडेल का, या प्रश्नाचं उत्तर मात्र गावागणिक वेगळं होतं.

इथं हिजरतीचा विषय निघतोच. आमच्या वस्तीत पोलीस ॲक्शननंतरच्या या निघून येण्याला काही वडीलधारी हिजरत म्हणत. मक्केहून मदिनेला जाताना प्रेषितांनी त्या शहराकडं वळून पाहिलं आणि ते आपल्याला सर्वांत प्रिय असल्याचं, तिथल्या लोकांनी घालवलं नसतं तर सोडलं नसतं असं सांगितलं, अशी हदीस आहे. इसवी सन ६२२ची ही गोष्ट प्रत्येक मदरशात सांगितली जाते. प्रिय जागा सोडणं आणि नावडती जागा सोडणं यांतला फरक मुसलमान मुलाला लहानपणीच कळायला हवा तो यातून. व्यवहारात मात्र आम्हीच "ते गाव होतंच तसलं" म्हणून मोकळे होतो. त्यानं दुखणं कमी होतं, पण इतिहास खोटा होतो.

मोहल्ला तयार झाला तो या सरकण्यातून. खेड्यातली पाच-सात घरं बाजाराच्या गावाला आली, तिथून काही जालन्याला, काही औरंगाबादला. २००१च्या जनगणनेत महाराष्ट्रातले सुमारे ७० टक्के मुसलमान शहरी भागात राहत होते, देशभरात मुसलमानांचं हे प्रमाण ३५.७ टक्के होतं. याची कारणं अनेक आहेत, मुंबई-भिवंडीच्या गिरण्या आणि यंत्रमाग हे त्यांतलं मोठं. पण मराठवाड्यापुरतं बोलताना १९४८ वगळून हा आकडा समजावता येत नाही.

हे फक्त मुसलमानांचंच आहे असंही नाही. जुलै १९७८मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. कित्येक बौद्ध कुटुंबांनी तेव्हा गाव सोडून शहर धरलं. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. औरंगाबादच्या झोपडपट्टीत पोलीस ॲक्शनचा मुसलमान आणि नामांतराचा बौद्ध एकाच नाल्याच्या दोन काठांवर राहायला आले. दोघांच्याही गावी आजही नातेवाईक आहेत आणि दोघंही जत्रेला, उरुसाला गावी जातात. राहायला मात्र जात नाहीत. मुंबईत १९९२-९३च्या दंगलीत श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसं मेली, त्यानंतर मुंब्रा फुगत गेलं, आणि आमच्या भागातल्या कित्येकांच्या मुंबईच्या नातेवाइकांचा पत्ता बदलून मुंब्रा झाला. तीही एक प्रकारची दिल उठण्याचीच गोष्ट.

वस्ती झाली की तिच्याकडं बाहेरून पाहणारी नजर येते. शिकागोत रॉबर्ट सॅम्पसन आणि स्टीफन रॉडेनबुश यांनी २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कचरा, फुटक्या काचा, भिंतीवरची रंगरंगोटी अशा गोष्टी त्यांनी रस्तोरस्ती प्रत्यक्ष मोजल्या आणि मग लोकांना विचारलं, इथं बजबजपुरी किती आहे? उत्तरं मोजलेल्या कचऱ्यापेक्षा त्या भागात कृष्णवर्णीय आणि गरीब किती राहतात यावर जास्त अवलंबून होती. विशेष म्हणजे कृष्णवर्णीय रहिवाशांचीही उत्तरं तशीच झुकलेली होती. मला यात आमचा मोहल्ला दिसतो. आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी बाजारपेठेत पडलेला भाजीपाला हा बाजाराचा पसारा असतो. तोच मोहल्ल्याच्या तोंडाशी पडला की "यांच्याकडं असंच असतं." आणि हे म्हणणाऱ्यांत आमचेच शिकलेले तरुण पुढं असतात.

ही नजर केवळ बोलण्यापुरती राहत नाही. सच्चर समितीच्या २००६च्या अहवालात नोंद आहे की काही बँका मुस्लिमबहुल वस्त्यांना 'निगेटिव्ह' किंवा 'रेड' झोन धरतात आणि तिथं कर्ज द्यायला नाखूश असतात. आणि बाहेर पडायचं म्हटलं तर दुसरं दार. पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली सहकारी संस्थेला एका समाजापुरतं सभासदत्व मर्यादित ठेवायला मान्यता दिली. त्या संस्थेची बाजू समजून घेता येते, छोटा समाज आहे. पण या निकालानं "आमच्या सोसायटीत आम्ही ठरवू" म्हणणाऱ्या प्रत्येकाला हुरूप आला असं माझं मत आहे. परिणामी मोहल्ला आवडत नाही म्हणून निघालेला माणूस दुसऱ्या, थोड्या रुंद रस्त्यांच्या मोहल्ल्यात जाऊन पोहोचतो. औरंगाबादला फ्लॅट शोधताना मला स्वतःला नाव सांगितल्यावर जागा "कालच गेली" असल्याचं तीन ठिकाणी कळलं. शेवटी घेतला तो आमच्याच वस्तीत.

बदनापूरच्या चहाच्या हॉटेलातल्या त्या तक्रारींकडं आता वेगळ्या कानानं ऐकतो. नळाला पाणी कधी येणार, नालीवर फरशी कधी पडणार, उर्दू शाळेला शिक्षक का नाही. अल्बर्ट हिर्शमन या अर्थतज्ज्ञानं १९७० साली मांडलं होतं की एखादी संस्था बिघडू लागली की माणसापुढं दोन वाटा असतात, आवाज उठवणं किंवा निघून जाणं, आणि ज्याचा जीव तिच्यात गुंतलेला आहे तो आवाजाची वाट जास्त काळ धरतो. नगरपंचायतीच्या दारात उभा राहून पाण्यासाठी भांडणारा माणूस प्लॉटच्या गप्पा कितीही मारो, तो गावाला आपलं समजतो. २०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा जळाल्या, शेतकऱ्यांनी स्वतःच्या हातानं झाडं तोडली, तेव्हा इथं केवढा आरडाओरडा होता. आणि तरी त्यांतल्या बऱ्याच जणांनी पाणी आल्यावर पुन्हा मोसंबीच लावली.

मला काळजी वाटते ती बोलायचं थांबलेल्यांची. कुठंतरी मिरवणुकीवरून वाद होतो, मोबाईलवर एक व्हिडिओ फिरतो, दुकानांवर बहिष्काराची भाषा होते. बदनापुरात त्या दिवशी काहीच घडत नाही. बाजार भरतो, तूर तोलली जाते. पण त्या आठवड्यात एखादा गॅरेजवाला, एखादा मास्तर नालीची तक्रार करायचं सोडून देतो. त्याला विचारलं तर सगळं ठीक आहे म्हणतो. काही महिन्यांनी टेम्पो भरतो आणि कारण मुलांच्या शिक्षणाचं असतं. ते खोटं नसतं. दादीच्या घरच्यांनीही बदनापूरला येताना सगळ्यांना हेच सांगितलं होतं, इथं शाळा आहे म्हणून.

मराठीत हैदराबाद मुक्तिसंग्रामावर भरपूर लिहिलं गेलं आहे. अनंत भालेरावांचा ग्रंथ आहे, कार्यकर्त्यांच्या आठवणी आहेत, सरहद्दीवरच्या कॅम्पांच्या हकिकती आहेत. त्याच खेड्यांतून उठलेल्या मुसलमान घरांच्या आठवणी मात्र मराठीत फारशा आलेल्या नाहीत, आणि आता सांगणारी पिढी जवळजवळ संपली. उरल्या आहेत त्या खुणा. मराठवाड्यात अशी गावं आहेत जिथं मुसलमानाचं एकही घर उरलं नाही आणि मोहरमची सवारी गावातले हिंदूच बसवतात. आणि आमच्या मोहल्ल्यात आजही काही घरांना आडनावानं कुणी हाक मारत नाही. ज्या गावाहून त्यांचे आजोबा आले, त्या गावाच्या नावापुढं 'वाले' लावून लग्नाची पत्रिका दिली जाते. तिसरी पिढी आली. त्यांतल्या एका मुलाला मी विचारलं, ते गाव कुठं आलं? त्यानं सांगितलं, बदनापूरहून गाडीवर अर्धा तास. तो तिथं कधी गेला नव्हता.